टिपरेरीचे रायन आणि आमचे वसंतराव

दातांच्या डॉक्टरने तोंडात दोन बोटं आणि कापसाचा बोळा घातलेला असताना माणूस काय बोलेल? मी तर डोळे मिटून देवाचं नाव घेते. वसंतरावांनी त्या अवस्थेत डॉक्टरच्या कोटावरची पट्टी वाचली आणि बोळ्यासकट ओरडले, "डोनेगल!"

पट्टीवर लिहिलं होतं, गॅलॅघर. डॉक्टर बिचारा दचकला. त्याला वाटलं, नस दुखावली. बोळा काढून विचारतो, कुठे दुखतंय? तर हे म्हणतात, "कुठेच नाही. तुमचे लोक डोनेगलचे. आयर्लंडचा वरचा डावा कोपरा. आजीला विचारा." डॉक्टर म्हणाला, माझी आजी इथल्याच वॉलॉंगॉंगची. "मग तिच्या आजीला विचारा," वसंतराव म्हणाले आणि पुन्हा आ केला.

हे त्यांनीच मला सांगितलं, कुंपणापाशी उभं राहून, सुजलेल्या गालाने, आणि वर म्हणाले, "वहिनी, त्याला माहीतच नव्हतं हो! पन्नाशीचा माणूस, आणि आपण कुठले ते माहीत नाही!"

ह्या परदेशात, शहराच्या पश्चिम टोकाला, ब्लॅकटाउनला आमची घरं शेजारीशेजारी. सतरा नंबर त्यांचं, एकोणीस आमचं. पस्तीस वर्षं झाली. वसंतराव मूळचे साताऱ्याकडचे. आयर्लंडला त्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नाही. पण दिवाणखान्याच्या भिंतीवर, दत्ताच्या तसबिरीशेजारी, आयर्लंडचा हा एवढा नकाशा. त्यात प्रत्येक परगणा वेगळ्या स्केचपेनने रंगवलेला आणि त्यात बारीक मराठी अक्षरात आडनावं. क्लेअरमध्ये मॅकनमारा. कॅव्हनमध्ये रायली. टिपरेरीत रायन, रायन आणि रायन.

हे वेड लागलं टपालात. तीस वर्षं त्यांनी टपालखात्यात पत्रं निवडायचं काम केलं. नाताळ आला की आयर्लंडहून कार्डं यायची. पुढे घेणाऱ्याचं नाव, मागे पाठवणाऱ्याचा पत्ता. दुसरा कुणी असता तर खोक्यात टाकून मोकळा झाला असता. वसंतराव मागची बाजूही वाचायचे. दोनतीन नाताळांत त्यांच्या ध्यानात आलं की रायनचं कार्ड बहुतेक टिपरेरीहूनच येतं आणि सुलिव्हनचं केरी नाहीतर कॉर्कहून. झालं! लायब्ररीतून पुस्तकं आली, वह्या आल्या, स्केचपेनं आली. "पत्ता पाकिटावर नसतो वहिनी, आडनावात असतो," हे त्यांचं पालुपद. दुसरं पालुपद, "मॅक म्हणजे मुलगा, ओ म्हणजे नातू." हे ते फळवाल्याला सांगत, बसवाल्याला सांगत, मीटर वाचायला येणाऱ्याला तर घरात बसवून, चहा पाजून सांगत.

मर्फीवर मात्र त्यांचा राग. "कुठेही सापडतो मेला. वेक्सफर्ड म्हणावं तर कॉर्कमध्ये ही गर्दी!" आणि वॉल्शवर फार जीव. वॉल्श म्हणजे मुळात वेल्सहून आलेला परका. "सातआठशे वर्षं झाली, वहिनी. अजून नावात लिहिलंय, उपरा. आणि आता त्याच्याहून आयरिश कुणी नाही!" हे सांगताना त्यांची मान अशी ताठ होई, जणू स्वतःच बोटीतून उतरून शेत नांगरलंय.

माझी नात ईरा एकदा हे सगळं ऐकून मला म्हणाली, "आज्जी, ही इज लिटरली प्रोफाइलिंग पीपल!" मी म्हटलं, म्हणजे काय गं? तिने समजावलं, नावावरून माणूस ठरवणं. मी म्हटलं, अगं, आपल्याकडे ह्याला ओळख काढणं म्हणतात. तेव्हा तसंच वाटत होतं मला.

आता गंमत बघा. गोऱ्या माणसाला पहिल्या वाक्यात आडनाव विचारणारा हा मनुष्य मराठी माणसाचं आडनाव कानावर पडू देत नसे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नवा मुलगा ओळख करून देतो, "नमस्कार काका, मी अमोल दे..." की ह्यांनी हात वर केलाच. "अमोल. बास. छान नाव आहे. प्रसाद घे." मंडळाच्या सभासदपत्रकातून आडनावाचा रकाना काढून टाकावा म्हणून त्यांनी सभेत ठराव मांडला. कुणी अनुमोदन दिलं नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा मांडला. असा नऊ वर्षं मांडला. शेवटी अध्यक्ष वैतागून म्हणाले, "अहो, आयरिश लोकांची कुळं काढता, आणि आपल्यांनी नुसतं नाव सांगायचं? हा कुठला न्याय?" वसंतराव म्हणाले, "माझा." आणि खाली बसले.

मी एकदा सहज म्हणून गेले, "भाऊजी, म्हणजे मर्फी म्हणजे आपले पाटील की हो, गावोगाव." तर एकदम म्हणाले, "आज तुमच्या टोमॅटोला पाणी नाही घातलंत?"

त्यांची बायको शालन. तिच्याबद्दल काय सांगू! पुढच्या दारातून माझी हाक गेली की मागच्या दारातून पुरणाची वाटी घेऊन यायची. बोलायची कमी. आम्ही ह्या गल्लीत आलो त्या पहिल्याच संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. इथली संक्रांत म्हणजे भर उन्हाळा, तिळगूळ हाताला चिकटत होता. मी तिला कुंकू लावलं आणि विचारलं, "माहेरचं आडनाव काय गं?" आपण विचारतोच की. ती म्हणाली, "गोखले." मी म्हटलं, "तरीच! हाताला चव आहे." पुढे तीसएक वर्षं तिच्या पुरणपोळीला मी हेच म्हणत आले. गोखल्यांची ना! ती हसायची. करोनाच्या आदल्या वर्षी ती गेली, तेव्हा मंडळाच्या अंकात मीच चार ओळी लिहिल्या. माहेरच्या गोखले, असं लिहिलं. वसंतरावांना आधी वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, "ठीक आहे."

मग तो करोना आला. पहिलं वर्ष कसंबसं गेलं. दुसऱ्या वर्षीच्या लॉकडाऊनने मात्र आमच्या भागाचं डोकं फिरवलं. टीव्हीवर समुद्राकाठची मंडळी वाळूत पहुडलेली, आणि आमच्याकडे गल्लीगल्लीत गस्त. दिवसाला एक तास फिरायचं, तेही मास्क लावून, आणि डोक्यावर हेलिकॉप्टर. आम्ही काय दरोडेखोर? इथलीच माणसं रोज पहाटे उठून ह्या शहराची हॉस्पिटलं झाडत होती, पार्सलं वाहत होती. असो. तो राग अजून गेलेला नाही, जायला नको आहे.

वसंतराव लस घ्यायला गेले तर तिथेही तेच. नर्सच्या छातीवर नुसतं पहिलं नाव. ह्यांना कसं चालेल? सुई दंडात असताना विचारलं. ती म्हणाली, ओसुलिव्हन. "केरी की कॉर्क?" ती म्हणाली, "माझ्या आधीच्या नवऱ्याचं नाव आहे ते, आणि तो इथलाच, पेनरिथचा होता, लव्ह. हवं असेल तर तुम्ही घेऊन जा." वसंतराव ते नाव वहीत घेऊन आले.

ह्याच सुमारास आमच्या पलीकडे, एकवीस नंबरात, एक म्हातारा राहायला आला. टॉमी. एकटाच. ऐंशीच्या घरातला, उंच, वाकलेला, आणि कानाने ठार बहिरा. त्याच्याशी बोलायचं म्हणजे शेतातल्या माणसाला बांधावरून हाक मारल्यासारखं. पण त्याने पहिल्या दिवशी पेटी उतरवणाऱ्यांना शिवी हासडली आणि वसंतराव सतरा नंबराच्या ओट्यावर उभे राहिले. उच्चारावरूनच कळलं, हा काही इथे जन्मलेला आयरिश नव्हता. हा खुद्द तिथला होता!

तीस वर्षं नकाशा रंगवला आणि आता नकाशातला माणूस दोन घरं पलीकडे. वसंतरावांनी स्वच्छ शर्ट घातला, मास्क लावला आणि त्याच्या फाटकापाशी जाऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "वेलकम, टॉमी! व्हॉट इज युअर सरनेम?"

मी माझ्या अंगणात होते. माझं कुंपण कमरेएवढं, आणि त्याची पुढची खिडकी तिथून दहा पावलांवर. टॉमीच्या चेहऱ्यावर हसू होतं ते मी पाहिलं, आणि पुसलं गेलं तेही पाहिलं. तो म्हणाला, "तुला कशाला हवंय?" वसंतराव उत्साहात म्हणाले, "तू कुठला ते मी सांगतो!" टॉमी म्हणाला, "मी जिथून आलो तिथे रस्त्यात हे विचारणारा माणूस काहीतरी ठरवत असतो." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दोन दिवस वसंतराव दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुंपणापाशी आले ते हातात एक जाड पुस्तक घेऊन. "बेलफास्टचा आहे तो," म्हणाले. "उत्तरेकडचा. उत्तरेचं प्रकरण मी कधी नीट वाचलंच नव्हतं, वहिनी. नुसती आडनावं उतरवून घेतली होती. तिथे आडनाव ऐकून कळायचं, कुठल्या देवळातला, कॅथलिक की प्रोटेस्टंट, कुठल्या गल्लीतला. मग नोकरी द्यायची की नाही ते ठरायचं. लग्नं मोडायची. माणसं मारली हो, नावं विचारून."

मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत! तुम्ही काही वाईट मनाने विचारलं नाही."

"वाईट मनाने विचारतं कोण?" ते म्हणाले. "मला वाटलं होतं, ह्या नावांनी कुणाला दुखत नाही. म्हणून तर ही नावं घेतली. आणि मी पण तेच केलं, वहिनी. मी पण तेच."

हे 'पण तेच' मला कळलं नाही. मला वाटलं, लॉकडाऊनने माणूस हळवा झालाय.

त्यानंतर चार दिवसांनी कळलं की टॉमी ज्या दुकानात ब्रेड घ्यायला गेला होता तिथे कुणाला तरी करोना निघाला. चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही, असा त्याला हुकूम. एकटा म्हातारा. वसंतरावांनी पातेलं चढवलं. पहिल्या दिवशी मऊ खिचडी. डबा त्याच्या ओट्यावर ठेवला, घंटा वाजवली आणि मागे सरले. संध्याकाळी डबा फाटकाच्या खांबावर, न उघडलेला, खाली चिठ्ठी: नको, आभारी आहे. दुसऱ्या दिवशी शिरा. परत. तिसऱ्या दिवशी उपमा. परत. मी म्हटलं, "अहो, बटाट्याची भाजी द्या. आयरिश माणूस बटाट्याला नाही म्हणेल?" वसंतराव चिडले. "तेच ते! आयरिश म्हणजे बटाटा! त्याला विचारलंय का कुणी?" पण चौथ्या दिवशी केली बटाट्याचीच. ती पण परत आली. रोज परतलेला डबा घेऊन ते असे उभे राहत की मला बघवेना. म्हटलं, आता सोडा. त्याला नाही घ्यायचं. तर म्हणाले, "चौदा दिवस आहेत. मी नऊ वर्षं एक ठराव मांडलाय."

सहाव्या दिवशी सकाळी मी झाडांना पाणी घालत होते. वसंतराव डबा घेऊन टॉमीच्या फाटकात पोचले, आणि गस्तीची गाडी येऊन थांबली. आतून एक पोलीस उतरला. तरुण, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, थकलेला. छातीवर नावाची पट्टी, मला दुरूनही दिसली, कॅव्हना. मी मनात म्हटलं, आता झालं! आता हे परगणा सांगणार आणि दंड घेऊन घरी येणार.

वसंतरावांनी पट्टी वाचली. वाचलेली मी पाहिली. आणि काही बोलले नाहीत.

"मॉर्निंग, सर. इथे राहता का?"

"सतरा नंबर."

"मग एकवीस नंबराशी काय काम?"

"तो आजारी नाही, पण बंद आहे. मी जेवण देतो."

"म्हणजे तुम्ही त्यांची देखभाल करताय. ठीक आहे. त्यांचं नाव?"

"टॉमी."

"पूर्ण नाव?"

"टॉमी," वसंतराव म्हणाले.

"आडनाव, सर. मला लिहायला लागेल."

आणि हा मनुष्य, ज्याने सुई दंडात असताना आडनाव सोडलं नाही, मास्कमधून खणखणीत आवाजात म्हणाला, "मला माहीत नाही. मी विचारणार नाही. आणि माझ्यादेखत तुम्हालाही विचारू देणार नाही."

"सर..."

"एकवीस नंबर, म्हातारा माणूस, भूक लागलेली असणार. मी तीस वर्षं टपालात होतो. एवढ्यावर पोचतं. दंड करायचा तर मला करा, माझं नाव लिहा. त्याचं नाव त्याला वाटलं तर तो सांगेल."

गल्लीत पडदे हलू लागले. पोलिसाने डब्याकडे पाहिलं, वसंतरावांकडे पाहिलं, डोळे चोळले. मग वहीत काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "राइट ओ, मेट. डबा ओट्यावर ठेवा आणि लांब राहा." गाडी गेली.

तेवढ्यात एकवीस नंबरची खिडकी उघडली. टॉमी सगळं बघत होता. कान नसले तरी वसंतरावांचा तो आवाज भिंतीलाही ऐकू गेला असता.

"ए! त्याला का नाही विचारू दिलंस? तुला तर स्वतःलाच हवं होतं!"

वसंतराव फुटपाथवर उभे, टॉमी खिडकीत. मध्ये सगळं अंगण. हळू बोलायची सोयच नव्हती. जी गोष्ट ह्या माणसाने पस्तीस वर्षांत एका मराठी माणसाला सांगितली नव्हती ती त्याने त्या सकाळी, मोडक्या इंग्रजीत, भर रस्त्यात, गळ्याच्या शिरा ताणून ओरडून सांगितली.

"माझ्या गावी! मी एका मुलीला घरी घेऊन गेलो! लग्न करायचं म्हणून! वडिलांनी दारातच आडनाव विचारलं!"

"मग?"

"तिने सांगितलं! खरं सांगितलं! तिला ओसरीवर बसवलं, कपात चहा दिला! ती गेल्यावर तो कप उचलून कुंपणाबाहेर टाकला!"

"आणि तू?"

"मी उभा होतो! काही बोललो नाही!"

मला वाटलं, संपलं. पण वसंतराव थांबायला तयार नव्हते.

"लग्न केलं! इकडे आलो! इथेही आमचीच माणसं! मला भीती वाटली! मी तिला सांगितलं, कुणी माहेरचं नाव विचारलं तर दुसरं सांग! तिने सांगितलं! मरेपर्यंत सांगितलं! माझ्यासाठी! मेल्यावर छापून आलं, तेही दुसरंच! मी तेव्हाही उभा होतो!"

माझ्या हातातली पाण्याची नळी माझ्याच सपातांवर वाहत होती. कुणी विचारलं होतं तिला? मी विचारलं होतं. कुंकू लावता लावता. आणि मग तीसएक वर्षं, तरीच, तरीच, गोखल्यांची ना, म्हणून तिच्या ताटावर बसून बोलत होते. आता हे वाचून आमच्या मंडळातल्या कुणाला राग आला तर येवो. मला स्वतःचा आला आहे, तो पुरेसा आहे.

टॉमी खिडकीतून बाहेर झुकला. ओट्यावरच्या डब्याकडे त्याने एकदा पाहिलं. मग विचारलं, "काय होतं मग तिचं खरं नाव?"

वसंतरावांनी मास्क हनुवटीखाली ओढला. "शालन कांबळे," म्हणाले. हळूच. कितीतरी वर्षांत जिभेवर न आलेला शब्द येतो तसं.

"ऐकू नाही आलं!"

"शालन कांबळे!"

खिडकी माझ्यापासून दहा पावलांवर. ह्या खेपेला म्हातारा ते नाव पुटपुटला, ते मी ह्या कानांनी ऐकलं. शालन कांबळे. अक्षर न् अक्षर बरोबर. मग त्याने कानामागे हात धरला, बाहेर आणखी झुकला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "अजून नाही आलं, मित्रा. पुन्हा सांग."